पहिल्या रविवारचे मामा

सहा वर्षांच्या पोराला ‘अहो’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

मरोळच्या पुढे वस्ती संपून आरेचं रान सुरू व्हायचं तिथं आमचं बोर्डिंग होतं. मिशनचं. ज्यांचं कोणीच नाही अशी पोरं तिथं होती, आणि ज्यांचं कोणीतरी होतं पण सांभाळणारं नव्हतं अशीही होती. शेंबडी, खरजुली, एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या देणारी. मास्तर आम्हांला आडनावानं हाका मारायचे. ज्यांचं आडनाव माहीत नव्हतं त्यांना ‘ए’. स्वयंपाकी तोंडाला येईल ते म्हणायचा. ब्रदर मात्र वाफ्यात वाकलेले असायचे तिथून मान वर करून म्हणायचे, “अहो, तुम्ही माझ्या कोवळ्या माठावर उभे आहात. जरा खाली उतरता का?”

नवीन आलेलं पोर मागे वळून बघायचं, की हा कोणाशी बोलतोय?

मीही बघितलं होतं.

ब्रदर म्हणजे फादर नव्हेत. व्रतं दोघांची सारखी, झगा सारखा, पण ब्रदरना मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, म्हणता येत नाही. त्यांच्याकडे हाताची कामं. आमच्या ब्रदरांकडे भाजीचा मळा, विहीर, पाण्याचा पंप आणि आमची डोकी होती. ते स्वतः म्हणायचे, “फादर देवाचं बघतात, मी दुधीचं बघतो.” ते उत्तनकडचे, जुन्या ख्रिस्ती गावातले. घरी भातशेती, घरची भाषा मराठी. उंच होते आणि कमरेत वाकलेले. मळ्यात काम करताना झगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन सुंभानं बांधायचे. खाली बगळ्यासारखे बारीक पाय. आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे तसं चालून दाखवायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा मागे न बघताच म्हणाले, “डावा पाय मी जास्त फेकतो. नीट करा.”

महिन्यातून एकदा ते आमचे केस कापायचे. कात्री चालू असताना ओठांत जपमाळ चालायची, आणि दहा ‘नमो मरिया’त एक डोकं उरकायचं असा त्यांचा हिशेब होता. माझ्या डोक्यात मागे दोन भोवरे. तिथं कात्री अडायची. “तुमच्यासाठी पंधरा लागतात,” ते म्हणायचे. “स्वर्गात तुमचं नाव लवकर पोचणार.” आम्हां हिंदू पोरांवर प्रार्थनेची सक्ती नव्हती. चॅपेलमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसून पाय हलवायचो. पण ‘नमो मरिया’ मला अजून तोंडपाठ आहे, ती त्या कात्रीमुळे.

मला आईनं तिथं आणून सोडलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाप गोदीत हमाल होता, तो छातीच्या आजारानं गेला. आई घाटकोपरला चार घरची धुणीभांडी करायची आणि कोणाच्या तरी ओट्यावर आम्ही झोपायचो. तिनं फाटकात माझी चड्डी वर ओढली, म्हणाली, “पुढच्या रविवारी येते,” आणि गेली. मी पंपाच्या खोलीमागे जाऊन रडायला लागलो. थोड्या वेळानं कोणीतरी शेजारी येऊन बसलं. मांडीवर गवारीची टोपली.

“रडून झालं की सांगा,” ब्रदर म्हणाले. “मी इथंच बसलोय.”

गप्प बस म्हणाले नाहीत, आई येईल असंही म्हणाले नाहीत. गवार मोडत बसले. टोपली अर्धी झाली तरी मी रडत होतो. ती संपली तेव्हा माझंही संपलं होतं. मी म्हटलं, “झालं.”

“बरं. मग ही आत नेऊन द्यायची आहे. एक कान तुम्ही धरा.”

बोर्डिंगमधल्या प्रत्येक पोरानं ते ‘मी इथंच बसलोय’ कधी ना कधी ऐकलं होतं. दामू नावाचा माझा दोस्त होता, तो झोपायच्या खोलीत त्याची हुबेहूब नक्कल करायचा. पुढे ताप आला, मार बसला, कोणाची बहीण गेल्याची बातमी आली, की ब्रदर येऊन शेजारी बसायचे. हातात काहीतरी निवडायचं असायचंच. मी त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नाही.

आता रविवारचं सांगतो.

महिन्याचा पहिला रविवार भेटीचा. दुपारी दोनपासून पाहुणे यायचे. कोणाची विक्रोळीची आत्या, कोणाचा थोरला भाऊ, कोणाचा झोकांड्या खात आलेला बाप. पाहुणे आणि पोरं पुढच्या आवारात जांभळीखाली बसायची. ज्यांच्याकडे कोणी येत नव्हतं ती पोरं मागच्या मैदानात खेळायची, आणि त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं ओरडायची.

माझे चार-पाच रविवार असेच गेले. पुढच्या पहिल्या रविवारी मॉनिटर धावत आला. “ए, तुझा व्हिजिटर आलाय.”

मी तसाच धूळभरल्या अंगानं पळालो. आई नव्हती. फाटकाशी तपकिरी कोट आणि काळी टोपी घातलेला एक उंच माणूस उभा होता. आमचा वॉचमन मालवणचा, पूर्वी गिरणीत होता. तो रजिस्टर पुढे करून त्याला विचारत होता, “कोणाक भेटूक इलात?”

त्या माणसानं माझं पूर्ण नाव सांगितलं. “मी त्याचा मामा.”

“लिवा हडे.”

ते ब्रदर होते. दोनच्या सुमारास ते स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर पडायचे, कोट-टोपी चढवायचे, कुंपणाला वळसा घालून रस्त्यानं चालत पुढच्या फाटकाशी यायचे. सकाळी ज्यानं आम्हांला पेज वाढली तोच माणूस दुपारी आम्हांला भेटायला बाहेरून यायचा. वॉचमन दर वेळी तेच विचारायचा आणि ब्रदर रजिस्टरमध्ये दर वेळी सही करायचे. एका रविवारी तीन-चार पोरं, पुढच्या महिन्यात दुसरी. कोणाचे काका, कोणाचे चाचा, एका गोव्याकडच्या पोराचे अंकल. माझे मामा.

त्या दिवशी जांभळीखाली बसताच ते म्हणाले, “काय रे पोरा, केवढा वाळलास! जेवायला घालत नाहीत का हे लोक तुला?”

हे मला नवीन होतं. आठवडाभर ‘अहो’, आणि रविवारी ‘अरे’. घरचा माणूस कसा बोलणार? तसंच. मी म्हटलं, “रोज दुधी असतो.”

“रोज? कोण देतो?”

“ब्रदर.”

“बघतो त्या ब्रदराकडे,” मामा म्हणाले, आणि खिशातून चिक्कीचा पुडा काढला.

मंगळवारी ताटात भोपळा होता. आठ दिवस दुधी दिसला नाही.

आम्हांला सगळं माहीत होतं, हे नीट सांगायला हवं. फसलं कोणी नव्हतं. तरीही आपला रविवार असला की आम्ही केसांना पाणी लावून बसायचो. मामांना प्रगतिपुस्तक दाखवायचो. ते चष्मा लावून असं वाचायचे की जणू पहिल्यांदाच बघतायत. गणितात नापास झालो की तोंड पाडायचे, “तुझ्या आजोबांचं गणित चांगलं होतं रे.” आजोबा कुठले, गणित कुठलं! पण मी खरंच खाली मान घालायचो.

बोर्डिंगचे प्रमुख फादर रेक्टर, त्यांना हे पसंत नव्हतं. ते कडक होते, पण भले होते. एकदा त्यांनी ऑफिसच्या दारात ब्रदरना गाठलं. मी तिथं फरशी पुसत होतो.

“ब्रदर, हे खोटं आहे. पोरांना खोटं शिकवतो आहोत आपण.”

“फादर,” ब्रदर म्हणाले, “पाहुणा खोटा असेल, पण चिक्की खरी असते.”

फादरना हसू आवरेना. पुढे ते पहिल्या रविवारी दोन वाजले की खिडकी लावून घ्यायचे.

मी दहा वर्षांचा असेन. एका रविवारी चिक्की न फोडता मी विचारलं, “मामा, आई कधी येणार?”

तोवर मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. मग रोजच्या, ब्रदरांच्या आवाजात म्हणाले, “ते मला सांगता येणार नाही.”

त्याचा मी एकच अर्थ लावला. यांना माहीत नाही. पोरगा आणखी काय अर्थ लावणार?

बोर्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मी लेथ शिकलो. फादरांचं म्हणणं होतं की आधी अक्षर, मग हत्यार. ब्रदरांचं म्हणणं होतं, आधी जेवण, मग दोन्ही. सतराव्या वर्षी सर्टिफिकेट घेऊन मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. चकाल्याला दोघांतिघांत एक खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी बोर्डिंगवर जायचो. आता माझ्याकडे कोणी पाहुणा येण्याचा प्रश्न नव्हता, मीच पाहुणा. ब्रदर मला वाफ्याच्या कडेला बसवायचे, चहा उकळून द्यायचे आणि कारखान्यातल्या एकेका माणसाबद्दल विचारायचे. नाताळात त्यांच्या घरून फुगे यायचे, तळलेले, गोडसर, आतून पोकळ. त्यातले चार ते माझ्यासाठी कागदात बांधून ठेवायचे.

दोन वर्षांनी कारखान्यात कायम करायची वेळ आली. फॉर्मवर आईचं पूर्ण नाव, पत्ता, असं काय काय हवं होतं. मी बोर्डिंगच्या ऑफिसात गेलो. नवीन कारकून होता. त्याला काय माहीत. त्यानं माझी फाईलच समोर टाकली. “घे काय हवं ते उतरवून.”

पहिल्या पानावर आईचा अंगठा आणि घाटकोपरचा पत्ता. त्यामागे एक चतकोर कागद टाचलेला. त्यावर मानखुर्दचा पत्ता, आईचं नाव, आडनाव मात्र दुसरंच. अक्षर मी ओळखलं. मळ्यातल्या बियांच्या पुड्यांवर तेच असायचं. खाली तारीख. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

तिथूनच मी मानखुर्दला गेलो. वस्तीच्या नळावर एक बाई हंडा घासत होती. तिला नाव सांगितलं.

“ती? ती गेली की. दोन वर्ष होत आली. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. तू कोण?”

“गावचा,” मी म्हटलं.

“ते तिचं घर. नवरा कामावर असेल. पोरगी आहे बघ.”

दारात दहा-बारा वर्षांची एक मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालत बसली होती. मी पुढे गेलो नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मी बोर्डिंगवर परत आलो. ब्रदर माठ उपटून जुड्या बांधत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला नाही, लांबूनच ओळखला.

“तुम्ही तिथं जाऊन आलात?”

“तिथूनच येतोय. मेली ती.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” ते म्हणाले. “मीच त्यांना शोधलं होतं. तुम्ही वाट बघत होता म्हणून शोधलं. त्यांनी दुसरं घर केलं होतं. नवऱ्याला तुमच्याबद्दल माहीत नव्हतं. मांडीवर मूल होतं. त्यांनी मला शपथ घातली. कळलं असतं तर दोघींना रस्त्यावर यावं लागलं असतं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, सांगता येणार नाही.”

“येत नव्हतं.”

“आणि मेली तेव्हा? तेव्हा कसली शपथ?”

“तुमची परीक्षा आठ दिवसांवर होती.”

“आणि परीक्षा झाल्यावर?”

त्यांनी हातातल्या जुडीची गाठ आवळली. मग म्हणाले, “मग माझा धीर झाला नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज तुम्हाला सांगायचं. आणि मग पाणी सोडायला जायचो. ते माझं चुकलं.”

त्यांनी चूक कबूल केली तिथं माझं भांडण संपायला हवं होतं, असं आता वाटतं. पण एकोणीस वर्षांच्या पोराला कबुली नको असते, त्याला भांडण हवं असतं. मी म्हटलं, “तू कोण रे माझा? टोपी घालून येणारा बहुरूपी! माझी आई एक तासावर जिवंत होती, आणि तू मला चिक्की चारत बसलास?”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ‘तू’ म्हटलं. पलीकडे काम करणारी दोन पोरं थिजून उभी राहिली.

ब्रदर वाफ्याच्या बांधावर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “मी इथंच बसलोय.”

मी रडत नव्हतो. मी त्यांच्या डोळ्यांसमोर कोवळ्या माठाचा अख्खा वाफा तुडवत फाटकापर्यंत गेलो. पायाखाली रोपं मोडत होती, त्याचा आवाज येत होता. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मी बोर्डिंगवर पाय ठेवला नाही. दामू आरेच्या डेअरीत लागला होता. तो मध्येमध्ये भेटायचा आणि निरोप द्यायचा. “ब्रदर विचारत होते तुला. एकदा जाऊन ये ना रे.” मी म्हणायचो, जाईन. एकदा त्यानं एक पपई आणून दिली, ब्रदरांनी पाठवलेली. मी ती खोलीतल्या दुसऱ्यांना देऊन टाकली. रागाची धार दोन-तीन वर्षांत बोथट झाली होती, खरं तर. पण राग गेला तरी मागे लाज राहते, आणि तुडवलेल्या वाफ्यावरून परत चालत जायचं कसं, हे मला उमगत नव्हतं. जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

मी बावीसेक वर्षांचा असताना एका दुपारी टाइमकीपर मशीनपाशी आला. “गेटवर तुझे मामा आलेत.”

मी खिडकीच्या जाळीतून पाहिलं. तोच तपकिरी कोट. आता खांद्यावर ढगळ झालेला. टोपी हातात होती. पंप नेणारे टेम्पो आत-बाहेर करत होते आणि ते दर वेळी बाजूला सरकून भिंतीला चिकटत होते.

“सांग, सुट्टीवर आहे.”

“अरे, म्हातारा चालत आलाय वाटतं. घामाघूम झालाय.”

“सांग ना यार.”

त्यानं जाऊन सांगितलं. मी मशीन चालू केलं, कापायला आत काही लावलेलं नव्हतं तरी. थोड्या वेळानं टाइमकीपर परत आला. जरा रागातच होता. “गेला. विचारत होता, ते बरे आहेत ना? ‘ते’ म्हणत होता तुला. कसला मामा आहे तुझा?”

पुढे दोन महिने रोज ठरवत होतो की या रविवारी जाऊ. दोन महिन्यांनी ठरवायचंही बंद झालं.

ते गेले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. दामू सांगायला आला. फुप्फुसात पाणी झालं होतं, महिनाभर हॉस्पिटलात होते. माती दुसऱ्या दिवशी सकाळी. दामू म्हणाला, “सगळी जुनी पोरं येतायत. तू माझ्याबरोबर चल.” मी म्हटलं, ओव्हरटाइम आहे. ओव्हरटाइम नव्हता. मी खोलीवर बसून राहिलो. सगळे मला बघणार, त्या दोन पोरांपैकी कोणीतरी तिथं असणार, याची मला भीती वाटली. इतक्या साध्या कारणासाठी मी त्या माणसाच्या मातीला गेलो नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दामूला अजूनही वाटतं की ओव्हरटाइम होता.

त्यानंतर तीन-एक आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत टाइमकीपर आला. “गेटवर एक मुलगी आहे. तुझी बहीण म्हणते.”

“मला बहीण नाही.”

“मग तसं तूच जाऊन सांग. मी नाही सांगणार,” तो म्हणाला आणि निघून गेला.

मी गेलो. अठरा वर्षांची असेल. हातात पर्स घट्ट धरलेली. मी तिला वेणीवरून ओळखलं.

“तुम्हाला माहीत नसेल,” ती म्हणाली. “मला पण आत्ताच कळलं. हॉस्पिटलात ब्रदरांनी सांगितलं. मी त्यांना माठवाले बाबा म्हणायचे.”

समोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. चहा तसाच निवत राहिला. तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. दर महिन्याला ब्रदर त्यांच्या वस्तीत यायचे, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. मळ्यातला माठ, चवळी, कधी दुधी. तिचे वडील आईला म्हणायचे, “हा म्हातारा एवढ्या लांबून दोन जुड्या विकायला येतो, याला परवडतं कसं?” आई म्हणायची, “त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असेल.”

“आई एक जुडी निवडायला अर्धा तास लावायची,” ती म्हणाली. “आणि सारखी विचारायची, यंदा पीक कसं आहे? माठवाले बाबा म्हणायचे, उंच गेलंय बाई. देठ बारीक आहे, पण टिकेल. एकदा म्हणाले, मध्ये पिवळं पडलं होतं, आता बरं आहे. त्या दिवशी आईनं भाजी घेतलीच नाही, नुसती रडत बसली. मला कळेना, माठ पिवळा पडला तर रडायचं काय?”

मला तेराव्या वर्षी कावीळ झाली होती.

“आई विचारायची, कोणी खुडत नाही ना? ते म्हणायचे, माझ्या हद्दीत कोण खुडेल? मी लहान होते. मला वाटायचं, ही दोघं भाजीबद्दल बोलतायत.”

आई गेल्यावरही त्यांचं येणं थांबलं नव्हतं. हिच्या शाळेचं विचारायचे, फी भरली का विचारायचे. शेवटी हॉस्पिटलात त्यांनी हिला माझं नाव आणि कारखान्याचं नाव लिहून दिलं. म्हणाले, “माझ्याकडून ऐकायला त्यांना जड जाईल. तुम्ही सांगा.”

“एवढंच म्हणाले?”

“एवढंच. आणि विचारत होते, तुम्ही चष्मा लावायला लागलात का. लेथवर डोळे जातात म्हणे.”

मी चष्मा काढून पुसला. ती जरा पुढे सरकून म्हणाली, “पण मी तुला आधी पाहिलंय. मला नीट आठवतं. मी पाच वर्षांची होते. आई एकदा मला बसनं आरेला घेऊन गेली होती, फक्त मला. आम्ही कधी कुठं जायचो नाही, म्हणून लक्षात राहिलं. एका बाकावर बसलो. मग खाकी चड्ड्या घातलेली पुष्कळ पोरं आली. त्यांच्याबरोबर झगा घातलेला उंच माणूस. तो लांब झाडाखाली आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी आईला म्हटलं, ते बघ माठवाले बाबा. तिनं माझं तोंड दाबलं.”

“मग?”

“मग पोरं चेंडू खेळायला लागली. चेंडू घरंगळत आमच्या बाकाखाली आला. तू आलास घ्यायला. आईचे पाय मध्ये होते. तू म्हणालास, ‘मावशी, पाय जरा वर घ्या.’ तिनं घेतले. तू चेंडू काढलास आणि पळालास.”

“ती काही बोलली?”

“नाही. पाय तसेच वर धरून बसली होती. मी म्हटलं, आई, गेला तो, पाय खाली ठेव. बसमध्ये घरापर्यंत ती तेच म्हणत होती. मावशी, पाय जरा वर घ्या. मावशी, पाय जरा वर घ्या. आणि हसत होती.”

ब्रदर आम्हांला आरेला न्यायचे त्या सहली मला आठवतात. स्टॉलवरची दुधाची थंड बाटली आठवते, उताराचा रस्ता आठवतो, चेंडूवरून दामूशी झालेली मारामारीसुद्धा आठवते. पण किती डोळे मिटून बसलो तरी त्या बाकावर कोणी दिसत नाही.

“आठवतं ना तुला?” तिनं विचारलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर लागलेले होते.

“हो तर,” मी म्हणालो. “हिरवं लुगडं होतं तिचं.”

“हो ना?” ती म्हणाली. “मला रंग आठवत नव्हता.”